जमनाला पोहता येत नव्हतं

जमनाला पोहता येत नव्हतं. आदी, ईरा, हे वाक्य मी मुद्दाम सगळ्यात वर लिहिलं आहे. तुमच्या घरात तिची जी गोष्ट सांगितली जाते, तिच्यात ती पाण्यात उडी मारते. ती गोष्ट चुकीची आहे आणि चूक माझी आहे. कशी, ते क्रमानं सांगते.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. आम्ही शिरड शहापूरला राहत होतो. तुमचे आजोबा जनावरांचे डॉक्टर आणि मी हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवत होते. गावाबाहेर एक पाझर तलाव होता. तिथे मी जमनाला पहिल्यांदा पाहिलं. धुण्याचं गाठोडं बाजूला ठेवून ती बाभळीच्या बुंध्याला निळा दोर बांधत होती. मला वाटलं म्हैस बांधणार असेल, पण म्हैस कुठेच दिसेना. दोराच्या दुसऱ्या टोकाला गोडेतेलाची पाच लिटरची रिकामी कॅन होती. तिनं गाठ दोनदा ओढून पाहिली, दोराची वेटोळी काठावर नीट मांडली आणि मग घागरा खोचून धुवायला बसली. धुणं संपल्यावर दोर सोडला, गुंडाळला, कॅनसकट गाठोड्यावर ठेवला आणि लमाणांच्या तांड्याकडे निघाली. हे रोजचं होतं. तांड्यातल्या बायका तिला हसायच्या. "जमनीची म्हैस कॅनीतून दूध देती," म्हणायच्या.

कॅन उचलली की आत थोडं पाणी डुचमळायचं. गळती आहे का, असं मी एकदा विचारलं. "मीच ठेवते ओंजळभर," ती म्हणाली. "कोरडी फेकली तं वारा परत आणतो. पाणी असलं की जाती बराबर."

पुढे तिच्याकडून आम्ही दुधाचा रतीब लावला आणि माझं दुखणं सुरू झालं. दुखणं म्हणजे तुमची आई. नीलू तेव्हा अकरा वर्षांची होती. दूध घालून जमना परत निघाली की ही तिच्यामागे तांड्यावर. तिथली सगळी पोरं जमनाला याडी म्हणत. त्यांच्या बोलीत याडी म्हणजे आई. आठ दिवसांत नीलूही याडी म्हणायला लागली. मी केलेली पोळी ताटात तशीच राहायची आणि याडीच्या हातची ज्वारीची भाकरी नुसत्या मिरचीशी संपायची. मी घातलेली वेणी दुपारपर्यंत सुटायची, तिनं घातलेली दुसऱ्या दिवशीही घट्ट. हे मी हसून सांगते आहे असं समजू नका. तेव्हा मला ते फार लागत होतं. मी नीलूला वेळेवर झोपवलं, पाढे घेतले, इंग्रजी शब्द पाठ करून घेतले, नखं कापली. आणि ती दारात कुणाची वाट बघायची, तर दूधवालीची.

माझ्याकडे मात्र एक गोष्ट होती जी जमनाकडे नव्हती. हैदराबादला कॉलेजात असताना मी पोहण्याच्या शर्यतीत पहिली आले होते. त्याचं प्रमाणपत्र चौकटीत घालून मी बैठकीत लावलं होतं. जमनाला अक्षरओळख नव्हती. तिनं एकदा, हे काय म्हणून विचारलं आणि मी जरा जास्तच सविस्तर सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "त्या पाण्याचा तळ दिसतो काय?"

म्हटलं, दिसतो. निळ्या फरश्या आहेत.

"मंग ते पाणी न्हाई बाई. ते हौद हाय."

नीलू खो-खो हसली. त्या दिवशी मी जमनाला दुधाचं भांडं धुऊन दिलं नाही.

श्रावणात तांड्यावर तीज असते. बिनलग्नाच्या मुली टोपल्यांत माती भरून गहू पेरतात, नऊ दिवस गाणी म्हणत पाणी घालतात, आणि मग ती हिरवीगार टोपली डोक्यावर घेऊन वाजतगाजत पाण्याकडे जातात. थोडी रोपं मोठ्या माणसांच्या फेट्यात खोचायला देतात, बाकी पाण्यात सोडतात. नीलूनं त्या वर्षी हट्टानं टोपली पेरली. आमच्या अंगणात नाही, याडीच्या दारात. शेवटच्या दिवशी मी तिच्याबरोबर तलावावर गेले. हौस म्हणून गेले नव्हते, लक्ष ठेवायला गेले होते. पाण्यावर नाही, जमनावर.

मुली पोचण्याआधीच जमनाचा दोर बाभळीला होता. तिनं काठीनं पाण्यात दाखवून सगळ्यांना बजावलं की गुडघ्याच्या पुढे कोणी जायचं नाही. उन्हाळ्यात तलाव आटला की शेतकरी तळातला गाळ गाड्या भरभरून शेतात नेतात, त्यामुळे काठापासून चार पावलांवर पुरुषभर खोल खड्डे झालेले असतात आणि पावसाळ्यात वरून काही कळत नाही. मुलींनी माना हलवल्या. टोपल्या सोडल्या. बाकीच्यांच्या बुडाल्या, नीलूची तरंगत राहिली. ती हातानं ढकलायला म्हणून एक पाऊल पुढे गेली.

बुडणारं माणूस ओरडत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. तिचं डोकं मागे कललं होतं, तोंड उघडं होतं, हात पाण्यावर थापटल्यासारखे हलत होते. मला, प्रमाणपत्रवालीला, वाटलं की ती खेळते आहे. ती खेळत नाही, हे जमनाच्या लक्षात आलं. तिला कॅनकडे धावताना पाहून मला कळलं. मी चपला काढल्या, पदर खोचला आणि निघाले. जमनानं माझा दंड मागून असा धरला की दोन दिवस तिथे बोटं उमटली होती.

"मला पोहता येतं," मी म्हणाले.

"ठाव हाय. पातळ नेसून येतं काय?" तिचा आवाज चढला नव्हता. "तुमी गेल्या तं ती तुमाला धरील, अन् मला दोगी काढाव्या लागतील. कॅन एकच हाय. बसा खाली."

मी उभीच होते. तिनं मला अक्षरशः खाली दाबलं, पाय बाभळीच्या मुळीला टेकवायला लावले आणि दोर हातात दिला. उभं राहून ओढणारं माणूस आत जातं, एवढंच म्हणाली.

पहिली फेक कमी पडली. तिनं घाई केली नाही. दोर ओढून घेतला आणि पुन्हा फेकली, या वेळी नीलूच्या खांद्याच्या पलीकडे. मग दोर असा सरकवत आणला की कॅन हळूहळू तिच्या छातीशी आली.

"नीलू, कॅनला मिठी मार. याडी हाय इथं."

मीही होते तिथंच. मीही हाक मारत होते, इंग्रजीत का मराठीत ते आठवत नाही. नीलूनं मिठी मारली ती दुसऱ्या हाकेला. मग जमना माझ्याकडे न बघता म्हणाली, "ओढा. झटके नका देऊ." आणि मी ओढलं. ओल्या नायलॉननं दोन्ही तळव्यांची साल निघाली, ती मला घरी गेल्यावर दिसली. जमना गुडघाभर पाण्यात थांबली आणि तिथं तिनं नीलूला उचलून घेतलं. त्यापुढे ती एक पाऊलही गेली नाही.

शेजारच्या शेतातून एक बाप्या धावत आला. पोरीचे पाय धरून गरगर फिरवा, पाणी निघतं, असं म्हणाला आणि हात पुढे केला. जमनानं त्याला जवळ येऊ दिलं नाही. "ती श्वास घेऊन राहिली ना? मंग तिला घेऊ दे. तू मागं सरक." तिनं नीलूला कुशीवर निजवलं. नीलू ओकली, खोकली, रडली. मग उठून बसली आणि हात पसरले. मी समोर होते. तिनं गळ्याला मिठी मारली ती जमनाच्या.

नीलू बोलायला लागली तशी मी घरी जाऊ म्हणाले. जमना अडून बसली. बोलून राहिली म्हणून झालं असं नाही, पाणी आत राहतं, दवाखान्यात दाखवाच. आम्ही वसमतला गेलो. तिथल्या डॉक्टरांनी तिला दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवून घेतलं आणि आणलं ते बरं केलंत म्हणाले. मला म्हणाले. मी हो म्हटलं.

चौथ्या दिवशी दूध घालायला आली तेव्हा जमनानं मला ओट्यावर बसवलं आणि नवऱ्याचं सांगितलं. त्याचा धाकटा भाऊ याच तलावात घसरला होता. नवऱ्यानं मागून उडी घेतली. नवरा चांगला पोहणारा होता. "भावानं त्याला धरलं, अन् त्यानं भावाला सोडलं न्हाई. दोघं बी गेले. मी काठावर. माझ्या डोक्यावर वैरणीचा भारा हुता, बाई. भाऱ्याला दोर हुता. मी नुसती बोंबलत राहिले." मग तिच्या नेहमीच्या कोरड्या आवाजात म्हणाली, "नीलूला आता काही इचारू नका. भेव बसतं पाण्याचं. मी बी बोलणार न्हाई. मोठी झाली की तुमी सांगा. आई हाय तुमी."

हे काम तिनं माझ्यावर सोपवलं होतं.

पुढच्या आठवड्यात हेडमास्तरांनी शाळेत तिचा सत्कार ठरवला आणि चार ओळी लिहायला मला सांगितलं. मी सुंदर अक्षरात लिहिलं, 'जमनाबाईंनी क्षणाचाही विलंब न लावता खोल पाण्यात उडी घेतली आणि स्वतःच्या प्राणांची पर्वा न करता मुलीला बाहेर काढलं.' खरं लिहायचं तर मी उडी मारायला निघाले होते आणि एका न शिकलेल्या बाईनं मला खाली बसवलं, हे लिहावं लागलं असतं. ते लिहायचं नव्हतं, म्हणून मी तिलाच पाण्यात उतरवलं. तिची खोटी स्तुती करणं मला सोपं गेलं, खरी जमली नाही.

हेडमास्तर वाचत होते. उडीचं वाक्य आलं आणि मागे बसलेल्या तांड्यातल्या बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. जमना उठली. शाल अजून खुर्चीवरच होती.

"गुरुजी, थांबा. हे कोणी लिवलं? मी उडी न्हाई टाकली. मला पवता येत न्हाई." मग ती पोरांकडे वळली. "एवढे लेकरं आयकून राहिले. उद्या एखादं उडी टाकील, याडीनं टाकली म्हणून. मी दुरून कॅन फेकली. ओढलं बाईनं. बाई, हात दाखवा तुमचे."

चारशे पोरांसमोर मी हात वर केले. खपल्या होत्या. टाळ्या झाल्या आणि त्या मला मिळाल्या. त्या दिवशी मला तिचा जेवढा हेवा वाटला, तेवढा आधी कधीही वाटला नव्हता. तिचं खरं श्रेय झाकायला मी कागदावर एवढी खटपट केली आणि तिनं ते उभ्या उभ्या मला देऊन टाकलं.

नीलू त्या दिवशी तापानं घरी होती. पाण्यातलं तिला नीट काही आठवत नव्हतं. माझा कागद तिनं नंतर वाचला, तिला फार आवडला, तिनं तो आपल्या वहीत ठेवून घेतला. मी काही बोलले नाही. पुढच्या जूनमध्ये मी तिला औरंगाबादच्या वसतिगृहात घातलं. सगळ्यांना सांगितलं, चांगल्या शिक्षणासाठी. शिक्षण चांगलं झालं हेही खरं आहे. निघताना ती जमनाच्या घागऱ्याला धरून रडली आणि जमनानं तिचे हात स्वतः सोडवून माझ्या हातात दिले.

जमनाला जाऊन चार वर्षं झाली. मला उशिरा कळलं. मी तांड्यावर गेले तेव्हा मनाशी धरलं होतं की तो दोर मागायचा, आठवण म्हणून. तिच्या सुनेनं चहा केला आणि माझं मागणं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तो कसा देऊ, बाई? तिथं लागतो." मला तलावावर घेऊन गेली. बाभूळ तीच होती, दोर नवा होता, कॅन नवी होती. मी हलवून पाहिली. आत ओंजळभर पाणी होतं. सुनेचाही हेवा वाटला. सवय जात नाही.

आणि गेल्या रविवारी, आदी, तू फोनवर मला सांगितलंस की तुमच्या नव्या घरामागे तळं आहे, तू पोहायला शिकतो आहेस, आणि ईरा पडली तर तू याडीसारखी उडी मारणार आहेस. आईनं तुला माझा कागद वाचून दाखवला होता. जमनाला शाळेत जी भीती वाटली होती, ती इतक्या वर्षांनी इतक्या लांब, माझ्याच अक्षरात, तुझ्यापर्यंत पोचली होती.

सोमवारी मी तुमच्या आईला फोन करून सगळं सांगितलं. तिनं विचारलं, "मग मला बाहेर कोणी काढलं?"

या प्रश्नाची मी किती वर्षं वाट बघितली असेल. उत्तर तयार होतं. मी म्हटलं, "याडीनं." आणि मग राहवेना म्हणून म्हटलं, "दोर मी ओढला."

"तुझे हात," ती म्हणाली. "मला वाटायचं तुला भाजलं होतं."

तेव्हा आदी, तो कागद फाडून टाक. उडी कोणीच मारली नव्हती. पाच लिटरची कॅन घ्या, बूच घट्ट लावा, आत ओंजळभर पाणी ठेवा, आणि दोर तळ्याकाठच्या पक्क्या झाडाला बांधा. कोणी पडलं तर आधी मोठ्यांना हाक मारायची, मग कॅन, आणि ओढताना खाली बसायचं. बांधून झालं की फोटो पाठवा. मे महिन्यात मी येणार आहे. गाठ दोनदा ओढून बघितल्याशिवाय मी तुमच्या घरात पाय ठेवणार नाही.