संदर्भसूचीतले बाबा

प्रबंध जमा करायला एकच दिवस उरला होता आणि गोंडपिपरीच्या छापखान्यात माझ्या संदर्भसूचीची लग्नपत्रिका होऊन बसली होती.

छापखाना चाचांचा. आमच्या घरातल्या सगळ्या पत्रिका त्यांनीच छापल्या. प्रबंध बांबू तोडणाऱ्या मजुरांवरचा. प्रकरणं मी पेनड्राइव्हवर दिली होती आणि पुस्तकांची नावं चिठ्ठ्यांवर लिहून. आमच्या बौद्ध घरच्या पत्रिकेत असतं तसं चाचांनी हयात लेखकांच्या नावाआधी ‘आयु.’ लावलं आणि गेलेल्यांच्या आधी ‘कालकथित’. कोण आहे, कोण गेलं, ते मोबाईलवर शोधून काढलं. वर सगळ्यांना आडनावाप्रमाणे अकारविल्हे लावायचं सोडून वयाप्रमाणे बसवलं.

माझं डोकंच फिरलं. “काऊन चाचा, लग्न हाये का इथी कोणाचं?”

“मोठ्यायले खाली टाकतेत का, बाई?” चाचा शांत.

मग माझं लक्ष पहिल्या ओळीकडे गेलं. वयाचा क्रमही मोडून तिथे ‘कालकथित’, आणि पुढे माझ्या बाबांचं नाव. बाबांनी जन्मभर बांबू तोडला. ते जाऊन वर्षही झालं नव्हतं.

“तिसऱ्या प्रकरणात सारं त्यायचंच सांगणं हाये, अन् नाव कुठीच नाई. मले वाटलं, घाईत राह्यलं.”

राहिलं नव्हतं. पुस्तकांच्या यादीत बाबा कसे बसतील, असंच मी धरून चालले होते. तिथूनच मार्गदर्शक मॅडमना फोन लावला.

“मुलाखत घेतली होतीस ना त्यांची? मग मुलाखतींचा वेगळा भाग कर. नाव, गाव, तारीख. आणि त्या उपाध्या काढ आधी!”

तारीख माझ्या मोबाईलमधल्या रेकॉर्डिंगवर होती. चाचा नमाज पढून आले आणि पुन्हा कॉम्प्युटरसमोर बसले. एकेक ‘आयु.’ गेला, एकेक ‘कालकथित’ गेला. शेवटी बाबांच्या नावाआधीच्या ‘कालकथित’शी त्यांचा हात थांबला.

“काढू?”

“काढा.”

दुसऱ्या दिवशी प्रबंध वेळेत जमा झाला. कुणी अभिनंदन केलं की मला आधी चाचा आठवतात. त्यांनी आगाऊपणा केला नसता, तर मला हे सुचलंही नसतं. त्यांचे उपकार फिटायचे नाहीत.

घरातल्या प्रतीचं ते पान मी अधूनमधून उघडते. नाव, गाव, तारीख. त्या पानावर बाबा गेलेले नाहीत.