बोल की!

राधानगरीच्या स्टँडवरून कोल्हापूरची एसटी सुटली, तेव्हा आबा, तुम्ही बाहेरून खिडकीचा गज धरून ओरडला होता, "कुणी काय इचारलं तर बोल की! तोंड न्हाई व्हय तुला?" अख्ख्या गाडीनं वळून पाहिलं आणि मी आणखीच गप्प झाले. तुमच्या त्या मुखदुर्बळ लेकीचं पोट आता कोल्हापुरात गप्प मुलांवरच चालतं. समुपदेशक म्हणतात मला. गल्लीत सगळ्यांना हे वाचून दाखवा.

होस्टेलवर पहिले दोन महिने मी कुणाशी बोलले नव्हते, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. मेसच्या मावशींनी मला काहीच विचारलं नाही. रोज माझ्यापुढं लसणाचा ढीग सरकवायच्या आणि शेजारी बसून सोलायच्या. तिसऱ्या महिन्यात मीच बोलायला लागले. पुढं समुपदेशन शिकले, डिग्री घेतली, पण लसूण जास्त कामाला आला.

सध्या मी जिच्या घरी जाते, ती रेश्मा दहावीतली. वर्गात वाचताना अडखळली, मुली हसल्या, आणि ती जी खोलीत शिरली ती चार महिने बाहेर आली नाही. आणखी महिनाभर असंच चाललं असतं तर परीक्षा हातची गेली असती. तिची अम्मी दाराशी उभी राहून रोज म्हणायची, "बोल की गं!" पहिल्या दिवशी माझ्याही तोंडून तेच निघालं. आतून कडी लागली. स्वतःचा असा राग आला म्हणून सांगू! कोल्हापुरी जीभ, दुसरं काय.

मग त्या घरात "बोल की" मी बंदच करून टाकलं. दाराबाहेर बसून अम्मीनं शिवलेल्या ब्लाउजना हुक लावू लागले. रेश्माला प्रश्न एकही नाही. पाचव्या भेटीत दार किलकिलं झालं आणि हुकांची डबी आत ओढली गेली. तिथून मग दोरा आणायला कोपऱ्यावरचं दुकान, नंतर शाळेचा रस्ता, तिला झेपेल तेवढाच.

काल आम्ही शाळेच्या फाटकाशी पोहोचलो. आतला गलका ऐकून माझेच पाय अडले. "आजच्यापुरतं परत जाऊया का?" मी म्हटलं.

रेश्मानं माझा हात ओढला. "आता आलोय न्हवं? चला की, मॅडम!"

तिचा तो "की" ऐकून मला रडूच आलं, आबा. इतकी वर्षं तुमचं ते ओरडणं मला टोचत होतं. ओरडत ओरडत तुम्ही गाडीबरोबर वळणापर्यंत पळत आला होता, ते मात्र काल पहिल्यांदा आठवलं. गप्प बसले तरी ज्यांच्याजवळ परकं वाटत नाही, ते माझं घर. तशी घरं आता मला दोन्हीकडं आहेत. दिवाळीला येतेय. पडवीत गप्प बसले तर लगेच ओरडू नका. नुसतं शेजारी बसा की.