गुडघा मोजणारी आई
परवा बाजारात मोहाच्या वाळलेल्या फुलांचा वास आला आणि किनवटकडची एक आई आठवली; तिच्या पिशवीला असाच वास होता. मी तेव्हा नांदेडला हाडांच्या विभागात नवीन डॉक्टर होते. तिच्या नऊ वर्षांच्या मुलीचा उजवा गुडघा दोन वर्षं सुजत होता. कुणी संधिवात म्हटलं होतं, कुणी क्षय समजून गोळ्या सुरू केल्या होत्या. मीही त्याच गोळ्या पुढे लिहायला घेतल्या, तेवढ्यात आईनं पिशवीतून दोन गाठी मारलेला दोरा काढला. "सकाळी गुडघा इथवर भरतो, साळंतून आली की इथवर. म्या रोज मोजून राहिले, म्याडम. आडवी झाली की उतरतो." मी पेन खाली ठेवलं. मुलीला झोपवून पाय उंच धरला, तर सूज माझ्या हाताखाली हळूहळू ओसरली. क्षयाची सूज अशी ओसरत नाही, म्हणून एमआरआय काढला; त्यात सांध्याच्या अस्तरात रक्तवाहिन्यांचा गुंता दिसला. अशी गाठ मुलांत क्वचितच सापडते. शस्त्रक्रियेनंतर लातूरच्या प्रयोगशाळेतून अहवाल आला: गाठ साधी आहे, कर्करोग नाही. आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "म्हंजी माझं मोजणं बराबर व्हतं?" "आमच्या सगळ्यांपेक्षा बरोबर," मी म्हणाले. तिनं पदरानं डोळे पुसले आणि लेकीकडे ऐटीत पाहिलं. सहा महिन्यांनी मुलगी तपासणीला आली, तेव्हा दवाखान्याचा जिना न थांबता चढली. आता माझ्या हाताखाली नवे डॉक्टर शिकतात. त्यांना ही हकिकत सांगायला लागले की ते मध्येच विचारतात, निदान कुणी केलं? मी अभिमानानं सांगते, शेतात राबणाऱ्या एका आईनं.