हजेरीपटावरची रसिका

गंगारामदादांनी हयातभर चिरे लावले. संगमेश्वरकडच्या आमच्या गावात त्यांच्या हातचा जांभा दगड नाही असं घर सापडणार नाही. शाळेच्या चार पायऱ्याही त्यांनीच श्रमदानातून बांधल्या. पुढे त्याच पायऱ्यांनी त्यांच्या नातीची वाट अडवली.

रसिका आठ वर्षांची. तिला सेरेब्रल पाल्सी आहे. जन्मताना मेंदूला प्राणवायू कमी पडला, म्हणून पाय ताठ होतात आणि शब्द तोंडातून यायला वेळ लागतो. डोकं मात्र लख्ख; पाढ्यात माझी चूक काढते. मी विशेष शिक्षिका, आठवड्यातून एकदा तिच्या घरी जाते, म्हणून सांगते. गावात जो तो म्हणतो, 'बिचारी!' मला या शब्दाचा संताप येतो. बिचारी म्हटलं की कोणाला काही करावं लागत नाही.

मुख्याध्यापकांचं नाव हरिश्चंद्र, आणि हजेरी खोटी! "तिला कशाला त्रास? घरीच राहू दे. हजेरी मी लावतो, पासही करतो," असं म्हणून गुरुजींनी वर्ष काढलं. आम्ही त्यांना चांगला माणूस म्हटलं. मीसुद्धा. याची मला लाज वाटते.

एकदा दादा दाखला आणायला शाळेत गेले. हजेरीपट उघडा होता. बोट फिरवत त्यांनी नातीचं नाव शोधलं.

"गुर्जी, काल ती माझ्यासंगती रत्नागिरीला दवाखान्यात व्हती. मंग हितं हजर कोन व्हतं?"

"अहो, तिच्या भल्यासाठीच."

"ती घरात भिंत बघत बसते, आनि तुमी तिला कागदावर शिकवताव?"

दादांनी पायऱ्यांच्या जागी उतार मागितला, तर गुरुजी प्रस्ताव पाठवलाय म्हणाले. तो वर्षभर पाठवलेलाच होता.

रविवारी दादांनी पहार उचलली. शेजारचे रावजी धावत आले. "सरकारी काम हाय, गोत्यात येशील!"

"मी बांधल्या तवा सरकार कुठं व्हतं?" दादा गरजले आणि स्वतःच्या हातच्या पायऱ्या उखडू लागले. पहिला उतार फार चढा झाला, रसिकाचा चाकांचा वॉकर मागे घसरला. भरभक्कम काम करणारा हा गवंडी, पण चाकाचा विचार त्याने जन्मात केला नव्हता. दादांनी तोही फोडला आणि दुप्पट लांब बांधला. तीन रविवार गेले.

सोमवारी रसिका वॉकर ढकलत स्वतःच्या पायांनी वर्गात गेली; दादा दारात थांबले. हजेरी सुरू झाली.

"रसिका."

तिने तोंड उघडलं, मान ताणली. शब्द येईना. गुरुजींनी सवयीने पटावर हजेरीची खूण केली आणि पुढचं नाव घेतलं, "रितेश."

"थांबा, गुर्जी!" दादा दारातून ओरडले. "वर्षभर तिच्या वतीनं तुमीच बोललाव. आज ती बोलतेय."

गुरुजींचं पेन तसंच राहिलं. रसिकाने पुन्हा मान ताणली.

"ह... जर," रसिका म्हणाली.

गुरुजींनी आधीची खूण खोडली आणि नवी केली.