माळी की मोळी

पांढरकवड्याच्या पुढं जंगलाला लागून असलेल्या तांड्यावरच्या शाळेत माझी बदली झाली, तेव्हा तिसरीच्या वर्गात सगळ्यात चांगलं वाचणारी म्हणून एका मुलीला माझ्यासमोर उभं केलं गेलं. दोन वेण्या, खणखणीत आवाज. धडा धडाधड वाचत होती. मध्येच वाऱ्यानं पुस्तकाचं पान उलटलं. तिचं वाचन मात्र थांबलं नाही. पान वेगळंच, आणि ती आधीचाच धडा पुढं म्हणतेय! मी फळ्यावर 'घर' लिहून विचारलं, "हे काय आहे?" ती पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत राहिली.

वर्गातल्या बहुतेकांचं तसंच होतं. घरी सगळे बंजाऱ्यांची गोरबोली बोलत, आणि पुस्तकातली मराठी त्यांनी गाण्यासारखी पाठ केली होती. आमचे मुख्याध्यापक म्हणाले, "मॅडम, आधी अ ते ज्ञ पक्कं करून घ्या. बाकी हळूहळू येते." पण अ ते ज्ञ त्यांना येतच होतं, तेही गाण्यासारखंच. मधलंच एखादं अक्षर दाखवलं की गाडी अडायची.

मी स्वतः राळेगावकडची, कापूस-तुरीच्या घरातली. शाळेत निबंधात 'मले' लिहिलं म्हणून माझ्या वहीत फुली बसायची. घरची बोली दाराबाहेर ठेवून शाळेत शिरायचं म्हणजे काय, ते मला ठाऊक होतं. मी ठरवलं, या पोरांचं वाचन त्यांच्या तोंडातल्या शब्दापासूनच सुरू करायचं.

जुन्या लग्नपत्रिका कापून मी कार्डं केली. पहिला शब्द घेतला 'याडी', म्हणजे त्यांची आई. 'डी'चं कार्ड जागेवर ठेवायचं आणि त्याच्या आधीचं तेवढं बदलायचं. या काढून गा ठेवला की गाडी, मग साडी, नाडी, झाडी. दुसऱ्या दिवशी त्यांची 'बाटी', म्हणजे भाकरी, घेतली. तिच्या मागून पाटी आली. शब्दांचे गट पाडले: शेतातले, चुलीजवळचे, अंगावर घालायचे. पोरांनी आपला शब्द सांगायचा, मी त्याच्याजवळ मराठी ठेवायची. बळद आणि बैल शेजारी-शेजारी बसले.

आठवड्याभरात त्या मुलीची आई शाळेच्या दारात उभी राहिली. कमरेवर हात.

"मॅडम, तुमी माह्या पोरीले याडी लिहाले शिकवून राह्यले मंते?"

"हो."

"ते त मी घरीच शिकोलं तिले. शायेत मराठी शिकवा. मले बजारात लोकं हासतेत, तिलेबी हासतीन."

तिचं चुकत नव्हतं. मी तिला आत बोलावलं आणि मुलीला कार्डं मांडायला सांगितली. मुलीनं एकेक अक्षर बदलत, आवाज जोडत शब्द वाचले. "बघा," मी म्हटलं, "एका याडीपासून मराठीचे किती शब्द निघाले. हा रस्ता मराठीकडंच जातो."

आईनं एक कार्ड उचलून उलटसुलट पाहिलं. मग म्हणाली, "दिवाळीपावतर पाहतो. नाही आलं त कापूस येचाले नेतो."

आता माघार नव्हती. मधल्या सुट्टीत मी त्या मुलीला घेऊन बसायची. काना-वेलांटी जमली, पण मात्रा आली की ती गडबडायची. एकदा चिडून तिनं सगळी कार्डं भिरकावली. मी ती गोळा केली आणि पुन्हा मांडली. माळा, मेळा, मोळा... "'मोळा' असं काही नसते," ती फणकारली. "नसू दे," मी म्हटलं, "पण तू वाचलंस ना?"

दिवाळीच्या आधी वर्ग एका सुरात धडा म्हणत होता. 'आजोबा डोक्यावर माळी घेऊन घरी आले.' कित्येक दिवस हेच चाललं होतं, आणि इतक्या आवाजात माझ्याही लक्षात आलं नव्हतं. अचानक ती ओरडली, "थांबा रे! इथं माळी नाही. मो... मोळी हाय!" आणि माझ्याकडं वळून म्हणाली, "मॅडम, माळी त बागेतला माणूस. तो डोक्यावर कसा बसन?"

वर्ग हसून हसून लोळला. मग एकेकानं पुस्तकात डोकं घातलं आणि बोट ठेवून तो शब्द शोधला. त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या वर्गात शांतता झाली, वाचण्याची.

मुख्याध्यापकांनी स्वतःहून पहिलीसाठी कार्डं मागितली. 'याडी' मात्र परीक्षेत चालणार नाही, हे बजावायला ते विसरले नाहीत.

कापूस फुटला तशी आई तिला घेऊन गेलीच; घरात हात कमी होते. मी रोज हजेरीच्या वेळी तिच्या रिकाम्या जागेकडं बघायची. ती परतली ती आईसोबतच. आई तक्रार करत होती, पण तिच्या चेहऱ्यावर राग दिसत नव्हता. "मॅडम, हे कापूस कमी येचते अन् थैल्यावरचं जास्त वाचते."

मुलीच्या हातात बियाण्याची रिकामी थैली होती. तिनं त्यावरच्या 'उत्तम' या शब्दावर बोट ठेवलं. "मॅडम, हा 'त' अर्धाच काहून हाय?"

जोडाक्षरं मी पुढच्या वर्षावर ढकलली होती. फळा पुसला आणि त्याच तासाला सुरू केली.