भ्यालो म्हण, पैलवान!

“भ्यालो असं कोर्टात म्हणू? त्यापेक्षा फासावर चढवा की!”

जेलमध्ये रंगराव पैलवान माझ्यावरच ओरडला. त्याच्यावर खुनाचा खटला, मी त्याचा वकील. माझं डोकंच फिरलं. कोल्हापूर संस्थान विलीन झालं, त्यानंतरच्या दोन-चार वर्षांतली ही गोष्ट.

हकिगत सरळ होती. कागलजवळच्या गुऱ्हाळावर बांधाच्या भांडणातून चुलतभाऊ कोयता घेऊन रंगरावच्या अंगावर आला. पहिला वार दंडावर बसला. दुसरा उगारला तेव्हा रंगरावनं हाताला लागलेली पहार घातली. एकच घाव. भाऊ जागीच गेला.

अशा वेळी जीव घेतला तरी कायदा शिक्षा करत नाही. आम्ही त्याला प्रायव्हेट डिफेन्स म्हणतो. अट एवढीच, की आता आपण मरणार किंवा जबर जखमी होणार, अशी रास्त भीती वाटलेली असावी. नुसत्या रागानं मारलं तर सुटका नाही. आणि माझा अशील म्हणतो, भीती कसली, राग आला! आता काय कपाळ फोडून घ्यायचं?

हे त्याच्या वस्तादानं पढवलेलं. म्हातारा माझ्या ऑफिसात ठाण मांडून बसला. “आमच्या तालमीचा गडी कुणाच्या बापाला भीत न्हाय. तसंच लिवा.”

“लिहितो. मग जन्मठेप भोगायला तुम्ही जा!”

परत जेल गाठलं. “रंगराव, पोरगी दोन वर्षांची आहे तुझी. मोठी झाल्यावर तिला काय सांगू? बाप भ्याला नाही म्हणून लटकला?”

कोर्ट तालमीच्या पोरांनी भरलं होतं. सरकारी वकील म्हणाले, एवढा धिप्पाड पैलवान कोयत्याला कशाला भिईल? जणू पैलवानाच्या मानेला कोयता लागतच नाही! जज्जसाहेबांनी रंगरावला विचारलं, “दुसरा वार उगारला तेव्हा काय वाटलं?”

त्यानं वस्तादाकडं पाहिलं. मग मान खाली घातली. “भ्यालो, साहेब. लई भ्यालतो. आता मेलोच असं वाटलं, म्हणून मारलं.”

निर्दोष सुटला.

बाहेर तो वस्तादाच्या पाया पडायला वाकला. म्हाताऱ्यानं पाय मागं घेतले. “उद्यापासनं तालमीत पाऊल ठेवायचं न्हाय.”

माझा तोल सुटला. “अहो, हा फासावर गेला असता तर तालमीत फोटो लावला असता तुम्ही!”

“व्हय,” म्हातारा शांतपणे म्हणाला, “हार घालून लावला असता की.”

तेव्हापासून अशी केस आली, की अशिलाशी बोलायच्या आधी मी त्याच्या माणसांना ऑफिसबाहेर काढतो.