हिराकाकींचं शेवाळ

हिराकाकींच्या हॉलमध्ये चार फुटी फिशटँक होता आणि काकी त्यातल्या माशांकडे ढुंकूनही बघत नसत. येणारा-जाणारा रंगीत मासे बघून वा वा करायचा. काकींचं म्हणणं साधं होतं, "खायाचं न्हाय तं पालायचं कनाला?" त्या टँकसमोर पाट टाकून बसायच्या, बांगड्या कोपरापर्यंत सारायच्या आणि काचेला जवळजवळ नाक लावून आतल्या एका काळ्या लाकडाकडे बघत राहायच्या. लाकडावर शेवाळ होतं. मासे मुलाचे, विलासचे. शेवाळ काकींचं.

राहनाळला मी त्यांच्या वरच्या मजल्यावर सात वर्षं भाडेकरू होते. भिवंडीतल्या एका शाळेत विज्ञान शिकवायचे. साल दोन हजार पाचच्या आसपासचं. काकींची भातशेती तोवर गोदामांखाली गेली होती. गॅलरीत उभ्या राहून त्या मला दाखवायच्या, "ते तिसरं पत्रं दिसतंय ना, तिथं माझा कोलम व्हता." रडगाणं नसायचं त्यात, पत्ता सांगितल्यासारखं सांगायच्या. पण हाताला काम नाही म्हणून बाई नुसती चिडचिडायची, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

विलासने टँक आणला तो प्लॅस्टिकची झाडं आणि एक निळा किल्ला घालून. महिनाभर काकींनी सहन केलं. मग एक दिवस मला जिन्यात अडवून विचारलं, "मास्तरीणबाय, या पान्यात खरं काय उगवंल का?"

शाळेच्या टँकमधलं मूठभर जावा मॉस मी आणून दिलं. म्हटलं, काकी, याला माती लागत नाही, मुळंही नसतात. बारीक तंतू असतात, त्यांनी ते लाकूड धरतं. तोवर बांधून ठेवायचं, पाच-सहा आठवडे. काकींनी ते तळहातावर घेऊन वास घेतला, म्हणाल्या, "शेवाल हाय की गं. विकत मिलतं हे? काय दिवस आलं!" पण लाकूड शोधायला दुसऱ्याच दिवशी खाडीवर गेल्या. तिवराचं वाहून आलेलं मूळ घेऊन आल्या, अंगणातल्या चुलीवर मोठ्या तपेल्यात उकळलं, मग तीन आठवडे पिंपात बुडवून रोज पाणी बदललं. पहिले काही दिवस पाणी चहासारखं निघायचं. विलास म्हणाला, "आई, शंभर रुपयांत बाजारात मिळतं." काकी म्हणाल्या, "मग तू बाजारात जा."

मॉस बांधायला मी तंगूस घ्या म्हटलं, मासे पकडायचा नायलॉनचा दोरा. पुस्तकात तसंच होतं. काकींनी साफ नकार दिला. "तंगूस कुजत न्हाय. शेवालानं लाकूड धरलं तरी ते जल्मभर आवलूनच बसंल. सुती दोरा घे, काम झालं की आपसूक सरतो." पांढरा दोरा पाण्यात दिसला असता, म्हणून त्यांनी देवघराच्या खणातून काळ्या सुती दोऱ्याचं रीळ काढलं. गावात कुणाकडे बाळ झालं की दृष्ट लागू नये म्हणून मनगटाला बांधायला तो दोरा काकींकडूनच न्यायचे. आम्हा दोघींच्याही डोक्यात तेव्हा काही आलं नाही. आमचं लक्ष शेवाळात.

बांधताना माझी चूक झालीच. मी जाड थर लावला. काकींनी तो उपटला. "भाताची आवनी कदी केली न्हायस वाटतं! दाट लावशील तं खालचं कुजंल." त्यांनी चिमटीचिमटीने पसरलं, लाकडाचा रंग मधून दिसेल इतकं विरळ, आणि दोऱ्याचे वेढे सैलसर घेतले. तिसऱ्या दिवशी धरलंय का म्हणून मी बोटाने ओढून बघायला गेले, तर मनगटावर फटका बसला. "हात काढ! सारखं ओढून बगशील तं धरंल कवा?" दहा वर्षं विज्ञान शिकवलेल्या बाईला असं ऐकायला लागलं आणि मी मुकाट्याने ऐकलं.

आता मनीषाबद्दल सांगायला हवं. मनीषा म्हणजे काकींची सून, माहेर पडघ्याचं. लग्नाला चार वर्षं झाली होती. दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा गर्भ टिकला नाही. दुसऱ्या खेपेला गल्लीतल्या बायका विचारपूस करायला आल्या तेव्हा काकी दारात आडव्या उभ्या राहिल्या. "सून आजारी हाय. तिला बघायचं तं बरी झाल्यावर या. पोट बघायचं तं येऊच नका." असं तोंडावर बोलणारी सासू मी दुसरी पाहिली नाही. घरातही काकी त्या विषयावर चकार शब्द काढत नसत. पण त्यांचं हे गप्प राहणं मनीषाला कधी कधी टोचायचं. आतून रागावल्यात की काय, असं तिला वाटायचं. तिने मला तसं बोलून दाखवलं होतं.

मॉस बांधून अकरावा दिवस असेल. मनीषाची आई पडघ्याहून आली. मी सुट्टी म्हणून खालीच चहाला बसले होते. बाईंनी टँककडे पाहिलं आणि कप खाली ठेवला. "हे काय बांदलंय?" काकी उत्साहाने सांगायला गेल्या, पण बाईंची नजर देवघराबाहेर राहिलेल्या रिळावर गेली होती. "लेकराच्या मनगटाचा दोरा! तो तुमी लाकडाला बांदून पान्यात बुडवलात? विहीनबाय, माझ्या पोरीची कूस बांदलीत तुमी!"

मग मी, शहाणी, वर्गातल्या आवाजात सुरू झाले, हे वनस्पतीशास्त्र आहे, हे तंतू... बाईंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "मनीषा, पिशवी भर. चल घरी." मनीषा भिंतीला टेकून उभी होती, पांढरीफटक. ती आईकडे बघेना, सासूकडेही बघेना. मला त्या क्षणी खरंच भीती वाटली. ही आत्ता गेली तर परत यायची नाही.

"मास्तरीणबाय, तू गप," काकी म्हणाल्या. "परात आन."

त्यांनी लाकूड पाण्यातून काढून परातीत ठेवलं, कात्री मनीषाच्या हातात दिली. "काप. समदा दोरा काप. तुझ्या मनात काय ऱ्हायला नको." काकींना पक्कं माहीत होतं, शेवाळाने अजून काही धरलेलं नाही. मला ते ओरडून सांगावंसं वाटत होतं. मनीषाने कापायला सुरुवात केली. एकेक वेढा सुटला तसं शेवाळ ओल्या केसांसारखं घसरत परातीत पडलं. शेवटी लाकूड उघडं राहिलं, जसं खाडीतून आणलं होतं तसं. काकी खाली वाकून सांडलेले तुकडे वेचायला लागल्या. मला भयंकर राग आला, कोणावर ते आजही सांगता येणार नाही.

"आता लाकूड पन फेका," बाई म्हणाल्या.

मनीषाने कात्री ठेवली. वाटीत पाणी घेऊन शेवाळ धुतलं. रीळ उचललं, तेच काळं, आणि परातीजवळ मांडी घालून बसली. चिमटीने शेवाळ लाकडावर पसरलं. मग दोऱ्याचं टोक आपल्या आईपुढे केलं.

"आये, हे धर."

"मी?"

"धर गं. मला एका हातानं जमत न्हाय."

बाईंनी धरलं. काय करतील! मनीषा वेढे घ्यायला लागली. काकी तोवर डोळे पुसून पुढे सरकल्या होत्या. "आजून बारीक पसर," एवढंच म्हणाल्या. नंतर कधीतरी मनीषा मला म्हणाली, "ताई, खोटं कशाला बोलू, पहिला दोरा कापताना माझ्या मनात संशय होता हो. शेवटचा कापेपर्यंत लाज वाटायला लागली."

दोन महिन्यांत शेवाळाने लाकूड धरलं. दोरा विरून गेला, पुढे लाकूड दिसेनासं झालं. लोक विचारतात म्हणून सांगते, मनीषाला मूल झालं नाही. काकींनी त्यावरून तिला ना नवस सांगितला, ना उपास, ना कधी उसासा ऐकवला. दुपारी दोघी टँकपुढे बसून वाढलेलं शेवाळ कातरायच्या आणि कातरलेलं मला शाळेसाठी पाठवायच्या.

काकी गेल्या त्या दिवशी मी भिवंडीहून धावत आले. अंगण बायकांनी भरलं होतं. कोणीतरी हळहळलं, "बिचारी, नातवाचं तोंड बघायचं ऱ्हायलं."

मनीषा काकींच्या उशाशी बसली होती. तिने मान वर केली. "माझं बघत होत्या की रोज," ती म्हणाली. "तेवढं पुरत होतं त्यांना."